पिवळी वीज

"आई, काळ्या डबीवरचा लाल दिवा चालू आहे का?"

"आहे की. मघाशी लुकलुकत होता. आता शहाण्यासारखा थांबलाय."

विक्रांत सिडनीतल्या ऑफिसच्या जिन्यात उभा होता आणि आई नऊशे किलोमीटरवर, मेलबर्नजवळच्या वेरिबीच्या घरात. एक मीटिंग अर्धवट सोडून तो बाहेर आला होता. मोबाइलवर आईच्या स्वयंपाकघराऐवजी काळी चौकट दिसत होती आणि तिच्या कोपऱ्यात एक पिवळी वीज. त्या चिन्हाचा अर्थ त्याला आता पाठ होता. डबीला वीज कमी पडतेय.

मार्चमध्ये आई बाथरूममध्ये पडली आणि चार तास तशीच पडून राहिली. त्याचा विक्रांतने धसकाच घेतला. आमच्याकडे सिडनीत पेंडल हिलला राहायला ये, म्हणून तो मागे लागला, पण आई बधली नाही. "तुम्ही दोघं दिवसभर बाहेर. त्यापेक्षा इथल्या भिंती तरी ओळखीच्या आहेत," म्हणाली. मग त्याने पत्त्यांच्या कॅटएवढा एक कॉम्प्युटर, म्हणजे ही काळी डबी, आणला, त्याला यूएसबीने कॅमेरा जोडला आणि तिच्या ओट्याच्या टोकाला बसवून दिला. मोबाइल उघडला की आई दिसणार. रोज फोन करून 'बरी आहेस ना' विचारायची गरज उरली नाही. रविवारी पाच मिनिटं बोललं की झालं.

एप्रिल निर्धास्त गेला. महिनाअखेरीस आईचा वाढदिवस आला, तेव्हा त्याने तिला चहाचा कप गरम ठेवणारी, यूएसबीवर चालणारी चकती पाठवली. मे उजाडला आणि डबीची खोड सुरू झाली. दोन-तीन दिवसांनी एकदा, साधारण साडेअकराला, पिवळी वीज यायची आणि कॅमेरा डोळे मिटायचा. आई फोन उचलेपर्यंत विक्रांतचा जीव टांगणीला लागलेला असायचा.

आधी त्याने जास्त ताकदीचा अडॅप्टर पाठवला. काही फरक पडला नाही. मग आखूड आणि जाड केबल पाठवली.

"वीज पाण्यासारखी असते, आई," फोनवर तो समजावू लागला. "पाइप लांब आणि बारीक असला की नळाची धार कमी होते. कळतंय ना?"

"हो का? छान समजावतोस रे."

साताऱ्याच्या शाळेत तीस वर्षं विज्ञान शिकवलेल्या बाईला आपण हे सांगतोय, हे ध्यानात आल्यावर तो जरा ओशाळला. पण वयानुसार माणसं विसरतात, अशी त्याने स्वतःची समजूत घातली आणि तो पुन्हा नळावर आला.

"डबीला आणखी काही जोडलेलं नाहीये ना? फोनबिन?"

"चार खाचा आहेत. एकीत कॅमेरा, तीन रिकाम्या. समोर बसून मोजतेय." मग जरा थांबून, "जेवलास का?"

"अगं, मीटिंग सोडून आलोय."

"मग जा. नाहीतर ती डबी सुरू होईपर्यंत थांब. शेजारच्या बाईंनी लिंबं दिलीत पिशवीभर. लोणचं घालू का सांग, मयूराला आवडतं."

डबी सुरू व्हायला तीन मिनिटं लागायची. तोवर लिंबं, मग देवळातल्या भजनाचं चुकलेलं वेळापत्रक, मग त्याच्या लहानपणीचं कसलंसं पडसं. पाच मिनिटांचा फोन वीस मिनिटांवर जायचा.

"हल्ली आईंशी बरंच बोलणं होतं तुझं," एकदा त्याची बायको मयूरा म्हणाली.

"बोलणं कसलं, त्या डबीचा ताप आहे नुसता."

तो खरंच टेकीला आला होता. बँकेचे सर्व्हर सांभाळणारा माणूस, आणि आईच्या ओट्यावरच्या टीचभर डबीपुढे त्याचं काही चालत नव्हतं. तो रोज डबीचा लॉग, तिने ठेवलेल्या नोंदी, वाचायचा. वीज कमी पडल्याची वेळ दिसायची, कारण दिसायचं नाही. कॅमेरा बंद असतानाच आई पुन्हा पडली तर, हा विचार आला की तो परत लॉग उघडून बसायचा.

शेवटी त्याने भिंतीतल्या वेगळ्या प्लगवर चालणारा, बऱ्याच खाचांचा मोठा यूएसबी हब मागवून थेट आईच्या पत्त्यावर धाडला. शनिवारी सकाळी फोनवर बसून तिच्याकडून तो जोडून घेतला. आईने एकदाही चूक केली नाही.

"आता वीज थेट भिंतीतून येणार. या हबमध्ये आणखी चार वस्तू खुपसल्यास ना, तरी कॅमेरा बंद पडणार नाही."

"कधीच नाही?"

"कधीच नाही."



"बरं झालं," आई म्हणाली. "तुझी धावपळ वाचली."

दहा दिवस गेले. पिवळी वीज एकदाही आली नाही. विक्रांतला शांत झोप लागू लागली. मधला एक रविवार मित्राच्या बार्बेक्यूत गेला आणि फोन राहून गेला, पण सकाळी चित्रात आई पोळ्या लाटताना दिसली होती, त्यामुळे त्याला काही वाटलं नाही.

मंगळवारी साडेअकराला, कॉफी पिता पिता, त्याने सहज मोबाइल उघडला. चित्र स्वच्छ होतं. आई ओट्यापाशी आली. तिने घड्याळाकडे पाहिलं, खणातून कप गरम ठेवायची चकती काढली आणि तिची वायर हबमध्ये लावली. चकतीवर कप ठेवला नाही. चष्मा पदराला पुसला, फोन पुढ्यात सरळ ठेवला आणि खुर्ची ओढून बसली.

फोन वाजला नाही. थोड्या वेळाने ती उठली, वायर काढून शेजारच्या खाचेत लावली, आणि पुन्हा फोनसमोर येऊन बसली.