सातव्या चकतीतली चूण

“मामा, शंभर चकत्या यंत्र बारा सेकंदांत मोजतं. तुम्हाला आठवडा लागतो,” प्रयोगशाळेच्या मोठ्या बाई म्हणाल्या. “आता तुम्ही पिंजऱ्यांकडे बघा.”

पिंजऱ्यांकडे, म्हणजे उंदरांच्या लेंड्या उपसायला! तीस वर्षं त्याच उंदरांची हृदयं मोजलेल्या माणसाला! प्रयोगशाळेत मामांच्या नजरेचा दरारा असा, की अर्ध्या टक्क्यानं चुकायची उंदराचीही छाती होत नसे.

काम डोळ्यांच्या खाचा करणारं. हृदयाच्या पातळ चकत्या रंगात बुडवायच्या. धडधाकट भाग हिरवा होतो, निकामी भाग लाल. मोठा फोटो छापायचा, लाल भागाभोवती पेन्सिलीनं रेघ ओढायची, टक्के लिहायचे. रेघा ओढायला मामा फोटो घरी नेत. म्हणत, “इथं कलकल फार. घरी हात स्थिर राहतो.”

“पैज लावा,” मामा म्हणाले. “वीस चकत्या. हरलो तर द्या फावडं हातात.”

यंत्रात मोजणीचं सॉफ्टवेअर बसवायला आलेली पोरगी हसली. “मग इथंच बसून मोजा ना, मामा.”

“हे काय चहा पिणं आहे, उभ्या-उभ्या उरकायला? उद्या आणतो.”

“बरं. आणि पायात एक मोजा हिरवा, एक लाल, तो कशाला?”

“फॅशन आहे. तुला नाही कळायची.”

दुसऱ्या दिवशी एकोणीस आकडे तंतोतंत जुळले. सातव्या चकतीवर घोडं अडलं. यंत्र म्हणे, बावन्न टक्के निकामी. मामांच्या कागदावर नऊ.

“आणू का फावडं?” पोरीनं विचारलं.

मामांनी फोटो उलटा केला, मागची बारीक अक्षरं वाचली आणि घसा खाकरला. “हृदय ठणठणीत आहे. चकतीला चूण पडलीय. कड दुमडली, तिथं रंग साचला.”

बाईंनी चकती सूक्ष्मदर्शकाखाली धरली. कड दुमडलेलीच होती!

“यंत्राला नुसता रंग दिसतो,” बाई गहिवरून म्हणाल्या, “मामांना हृदय दिसतं! सोमवारपासून मामा यंत्राशेजारी बसतील. लाल कुठं, हिरवं कुठं, सगळ्यांसमोर पडद्यावर बोट ठेवून त्याला शिकवतील.”

टाळ्यांचा कडकडाट झाला. मामांना दरदरून घाम फुटला.

घरी बायको शिवणयंत्रावर कुणाच्या तरी झग्याला चुण्या घालत होती.

“हरलात?”

“जिंकलो.”

“मग तोंड का एरंडेल प्यायल्यासारखं?”

मामांनी सोमवारचं सांगितलं. तिनं दातानं दोरा तोडला आणि कपाळाला हात लावला.

“अगबाई! मग मलाही न्या बरोबर. रेघा तीस वर्षं मी ओढतेय. तुम्हाला लाल-हिरवं मोज्यांतसुद्धा कळत नाही!”