बाबांचा गुण्या

अमेरिकेतल्या डुलुथमधल्या बाबांच्या छोट्याशा वर्कशॉपमध्ये कायसा सकाळपासून लोखंड कापायच्या बँडसॉचे, म्हणजे पट्टी-करवतीचे, ब्लेड सरळ धरणारे गाइड लावत बसली होती. ब्लेडच्या दोन्ही बाजूंना कागदाएवढी फट ठेवायची, बोल्ट आवळायचे, चौकोनी पाइप कापायचा आणि काटकोन बघायला बाबांचा गुण्या लावायचा. दर वेळी गुण्या आणि पाइपच्या मधून उजेड दिसायचाच. दुपारी गिऱ्हाईक येणार होतं. आजही काप तिरका निघाला तर काम हातचं जाणार होतं, आणि त्याच्यामागे वर्कशॉपही.

"ब्लेड भरकटतंय गं. परत लाव," खिशात हात घालून उभे असलेले तिचे बाबा, आर्वो, म्हणाले.

"किती वेळा लावू, बाबा? तुम्हीच लावा ना एकदा! तुम्हाला कसं झटक्यात जमतं."

"मी काय जन्मभर पुरणार आहे? तूच कर."

डोळे पुसत तिने पत्र्यावर गुण्याने एक रेघ मारली, गुण्या पालथा करून तिथेच दुसरी मारली. गुण्या खरा असता तर दोन्ही रेघा एकच आल्या असत्या; त्या जुळल्या नाहीत. म्हणजे दोष कापाचा नव्हता, गुण्याच वाकडा होता!

"बाबा, खाली पडला की गुण्या वाकडा होतो, तो पुन्हा वापरायचा नाही, हे तुम्हीच शिकवलंत ना मला? मग हा कुणी पाडला? आणि सांगितलं का नाही?"



आर्वोंनी खिशातून हात बाहेर काढले. दोन्ही हात थरथरत होते.