हाक

फोन वाजला तेव्हा कोंबड्या खुराड्यात जाऊन बसल्यासुद्धा होत्या. आईने ओले हात गाऊनला पुसले आणि चप्पल न घालताच ती परसात आली.

"आज फारच उशीर झाला गं," लेक म्हणाली. "वॉर्डातून सुटकाच होईना. खाल्लं का त्यांनी?"

"छे! चोच लावली नाही एकीने. तुझ्याशिवाय ऐकतात का कुणाचं?"

पायरीवर बसलेल्या बाबांनी कपाळाला हात लावला. संध्याकाळी त्यांनीच तर कणी टाकली होती. कबरी कोंबडीने हावरटपणे बोटाला चोचसुद्धा मारली होती.

लेकीने ही पिल्लं दिव्याच्या उबेला खोक्यात ठेवून वाढवलेली. तिची हाक आली की बागडत यायची. लेक दूरच्या शहरात नर्स म्हणून गेली, तेव्हा कोंबड्या खरोखरच रुसल्या होत्या, दाण्याला चोच लावेनात. मग फोनमधून हाक मारायचं ठरलं. आठवडाभरात कोंबड्या रुसवा विसरल्या आणि डबा वाजवील त्याच्या मागे धावू लागल्या. कोंबड्याच त्या! आईने मात्र हे लेकीला कळू दिलं नाही. मूठभर कणी मागे ठेवायची आणि फोन आला की टाकायची. लेकीला 'घरी ये गं' असं म्हणायची सोय नव्हती. तसं म्हटलं की ती रडू लागायची आणि रजा तर मिळायची नाही. कोंबड्यांसाठी का होईना, पोरीचा रोज आवाज ऐकू येत होता. आज फोनची वाट बघून बघून बाबांनी सगळी कणी टाकून संपवली होती.

"स्पीकर लाव," लेक म्हणाली. "तीऽ ती ती ती! या गं बायांनो, या!"

खुराड्यात एक कोंबडी झोपेत कुरकुरली आणि गप्प झाली. अंधार पडल्यावर कोंबडी जागची हलत नाही, हे या दोघांना लेकीनेच शिकवलं होतं.

"आल्या?"

"आल्या ना! पळत आल्या. कबरी सगळ्यांच्या पुढे."

"मग टिपल्याचा आवाज कसा नाही येत?"

आईने बाबांकडे पाहिलं. डोळ्यांनीच हात जोडले.

"तुझ्या या थापा एक दिवस अंगाशी येणार आहेत," असं बाबा पुटपुटले; पण उठले. गुडघ्यावर हात टेकत फोनजवळ येऊन बसले, डब्याचं पत्र्याचं झाकण पालथं घातलं आणि दोन्ही हातांच्या नखांनी वाजवू लागले. टक. टकटक. टक. मध्येच थांबत होते, कोंबडी मान वर करून इकडेतिकडे बघते तसे. एकदा तर त्यांनी दोन बोटांचं भांडणही लावून दिलं. आईने हसू आवरायला तोंडावर हात धरला. हसता हसता तिचे डोळे भरून आले आणि मग तिला काही ते थांबवता येईना.

"खा गं कबरे. पांढरे, तू पण खा. ढकलू नका." लेक एकेकीला बोलावत राहिली. तिच्या मागे कुठेतरी लोखंडी गाडीची चाकं खडखडत गेली.

"आई."

"हं?"

"तिकडे केव्हाच अंधार पडला असेल ना?"

"पडलाय की. थोडासा."

बाबांची बोटं क्षणभर थबकली आणि मग आणखी जोरात चालू लागली.

पलीकडे लेकीने नाक ओढलं.

"उद्या लवकर करीन मी फोन," ती म्हणाली. "आणि बाबांना म्हणावं आता पुरे. बोटं दुखतील त्यांची."