चार पायांवर

"अजून थोडी पुढे ये, कॅमेऱ्याचा दिवा लागला नाही," झाडाशी उकिडवे बसलेले लाडक्याकाका म्हणाले आणि सुगंधा पायवाटेवरून रांगत पुढे सरकली. खोडाला गुडघाभर उंचीवर आपोआप फोटो काढणारा कॅमेरा बांधला, की तो बिबट्याला टिपेल ना, हे पाहायला जंगलातल्या मजुरांपैकी कुणीतरी असं चार पायांवर चालून दाखवायचं, ही रीतच होती. डोंगराखाली बोरिवलीचे टॉवर भर दुपारच्या उन्हात चमकत होते.

कॅमेऱ्याचा लाल दिवा लुकलुकला आणि तेवढ्यात फांदीवरचं माकड बिबट्या दिसल्यावर ओरडतं तसं खाकरून ओरडलं. डावीकडची कारवीची झुडपं हलली.

"पोरी, पळू नको," काका हळूच म्हणाले. "उभी राहा. तू माणूस आहेस, हे त्याला दिसू दे."

ती सावकाश उठली. कारवीतले पिवळे डोळे तिच्यावरून ढळले आणि काकांवर जाऊन थांबले. काका अजून उकिडवेच होते.

"काका, उठा ना!"

"गुडघा धरलाय गं. उठवत नाही."

पळायला वाट मोकळी होती. सुगंधा एकेक पाऊल टाकत काकांपुढे जाऊन उभी राहिली, कमरेची ओढणी सोडून तिने दोन्ही हातांनी डोक्यावर पसरली आणि रडवेल्या आवाजात ओरडली, "माझे काकापण माणूसच आहेत! ऐकतोस का? माणूसच आहेत!"

कारवी पुन्हा हलली, पिवळे डोळे दिसेनासे झाले. माकड गप्प झालं, तरी तिचे हात खाली येईनात.