सहीची पुडी

सगुणाबाईंनी ढोलकीवर थाप मारायला हात उचलला, तसा ती ढोलकी विकत घ्यायला तमाशाच्या फडात आलेला व्यापारी खेकसला, "वाजवू नका, सही पुसेल."

गेल्या जत्रेत एका सिनेनटानं कौतुकानं ढोलकीच्या पुडीवर, म्हणजे थाप पडते त्या कातड्यावर, सही ठोकली होती. तेव्हापासून ढोलकीला गिऱ्हाइकं यायला लागली होती.

"आणि सही नसती तर?"

"तर काय, जुनं लाकूड."

तीस वर्षं त्याच लाकडावर सगुणाबाईंनी अख्खा फड नाचवला होता. त्यांनी मांडी घातली, दोऱ्या सैल केल्या आणि सहीसकट पुडी उतरवून त्याच्या हातात दिली.

"न्या तुमची सही. पुडी दर जत्रेला फाटते, वाजतं हे जुनं लाकूड."

नवी पुडी चढवून त्यांनी थाप मारली, तेव्हा व्यापारी सही हातात धरून ऐकत उभा होता.