गोळ्यांचा गुण

पेठ वडगावच्या राजमतीकाकूंना थकवा जाणवू लागला, तसा पुण्याहून त्यांच्या जिनेंद्रनं अँटिऑक्सिडंटच्या गोळ्यांचा डबा पाठवला. "आई, गोळी घेतलीस न्हवं?" म्हणून रोज सकाळी फोन यायचा. सहा महिन्यांत काकू टुणटुणीत झाल्या.

सुट्टीला आलेल्या जिनेंद्रच्या लेकीनं, आदितीनं सहज डब्यावरची बारीक अक्षरं वाचली आणि ती डबा घेऊन तशीच आजीकडे धावली. गोळीचं आवरण माशाच्या जिलेटिनचं होतं. आजी तर कांदा-बटाटाही खात नव्हती.

"आजी, ह्या गोळ्या..."

"म्हाईत हाय मला. एक बी खाल्ली न्हाय. परसातल्या शेवग्याचा पाला खाती रोज."

"मग बाबांना सांगत का नाहीस?"



"सांगितलं, तर रोज फोन कशाला करंल त्यो?"