तुरीआडची झाडं

तुरीच्या आड लावलेली झाडं रानडुकरं मुळासकट उकरू लागली, तेव्हा गेंदाबाईने स्वतःची लुगडी कुंपणाला बांधली. शेवटी लग्नातलंही बांधलं. "औषधी झाडं आहेत, पोरासारखी जप," नवरा सायसिंग म्हणाला होता.

सकाळी पोलीस आले आणि त्या झाडांना गांजा म्हणाले. तिने नवऱ्याकडे पाहिलं.

"शेत हिच्या नावावर आहे, साहेब," तो खाली बघत म्हणाला. "मला काय माहीत?"

गेल्या वर्षी त्याने शेत नावावर केलं, तेव्हा तिने गावभर गूळ वाटला होता.

ती म्हणाली, "बी यांनी पेरलं, साहेब. राखण मी केली. दोघांनाही न्या."

जीपमध्ये सायसिंगने सरकून जागा केली. ती समोरच्या बाकावर बसली.